गडी उठतो तेव्हा

“मधेच सोडून गेलेला गडी आपल्यासाठी मेला. मेलेल्याला कुणी मैदानात आणतं का?”

गेल्या जानेवारीत आमच्या उजनीकाठच्या एका गावात कबड्डीची बक्षिसं वाटताना एका निवृत्त क्रीडाशिक्षकांनी माईकवर हे वाक्य टाकलं आणि टाळ्या घेतल्या. त्यांचं नाव लिहीत नाही, गुरुजी म्हणतो. ते दिवाळी अंक विकत घेऊन वाचणाऱ्या दुर्मीळ जातीतले आहेत, तेव्हा हा लेख त्यांच्यापर्यंत पोचेलच. खरं सांगायचं तर त्यांच्यासाठीच लिहितो आहे.

प्रकरण एवढंसं. गावच्या संघातला सगळ्यात तेज चढाईपटू दिवाळीनंतरचे सामने निम्म्यावर आले असताना धरणाच्या फुगवट्याच्या पलीकडच्या, इंदापूरकडच्या एका संघात गेला. तिकडं बूट होते, जर्सी होती, सामन्यामागं रोख पैसे होते. संक्रांतीच्या सुमारास तिकडच्यांनी त्याला बाहेर बसवलं. मग एका संध्याकाळी तो आमच्या मैदानाच्या कडेला चप्पल काढून उभा राहिला. आत ये म्हणायचं की घरी जा म्हणायचं, यावरून गावात दोन तट पडले. गुरुजी ‘घरी जा’वाले. मी ‘आत ये’वाला. कार्यक्रम संपल्यावर चहा पिताना मी त्यांना म्हणालो, “गुरुजी, कबड्डीत मेलेला गडी उठतो की! सगळा खेळच त्याच्यावर उभा आहे.” ते हसले नाहीत. चहाचा कप ठेवून उठून गेले.

मला माझं उत्तर फार आवडलं होतं. घरी येऊन मी ते आणखी वाढवलं. हुतूतूच्या जुन्या काळात खेळाचे तीन प्रकार होते: गामिनी, संजीवनी आणि अमर. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच. संजीवनीत आपल्या संघानं समोरचा एक मारला की आपला एक उठतो. अमरमध्ये गडी बाद होऊनही मैदानातच राहतो, फक्त समोरच्याच्या खात्यावर गुण चढतो. आजची कबड्डी संजीवनीची वारस आहे. माणसाच्या चुकीचं काय करायचं याचे तीन कायदे आपल्या आज्या-पणज्यांनी मातीत रेघा मारून ठरवून ठेवले होते. त्यांतून महाराष्ट्रानं खेळायला संजीवनी निवडली, आणि आमचे गुरुजी मात्र अजून गामिनी खेळतात!

अमर खेळणारेही आहेत, पण ते कबड्डीच्या मैदानात नाहीत. आमचा मतदारसंघ माढा. २००९ साली शरद पवार इथून लोकसभेवर गेले, २०१४ ला विजयसिंह मोहिते-पाटील. २०१९ ला अकलूजचं मोहिते-पाटलांचं घर भाजपच्या बाजूला गेलं. २०२४ ला त्याच घरातले धैर्यशील मोहिते-पाटील भाजप सोडून पवारांच्या पक्षात आले आणि तुतारी वाजवणाऱ्या माणसाच्या चिन्हावर खासदार झाले. ज्यांना त्यांनी हरवलं ते रणजितसिंह नाईक-निंबाळकर २०१९ ला काँग्रेसमधूनच भाजपमध्ये आलेले. १९८५ साली घटनेला दहावं परिशिष्ट जोडून पक्षांतराला बंदी केली, तरी निवडणुकीच्या तोंडावर इकडचा तिकडे जाणाऱ्याचं त्यानं काही अडत नाही. इथं कुणी मरतच नाही, फक्त गुण इकडचे तिकडे होतात. गुरुजी या सगळ्यांच्या सभांना पहिल्या रांगेत असतात. पोरानं बुटांसाठी गाव सोडलं तर तो मेला, आणि यांनी सोडलं तर हार घ्या! हा टोमणा तेव्हा मारायचा राहिला, तो इथं मारून घेतो.

पण टोमणा म्हणजे युक्तिवाद नव्हे. गुरुजींच्या म्हणण्यात वजन आहे. संघ ही शपथ न घेता घेतलेली शपथ असते. ऊसतोडीची टोळी हंगामाच्या मध्यात पळाली की मुकादमाचं काय होतं, हे इथल्या कुणाही शेतकऱ्याला विचारा. ऊस फडात वाळतो आणि उचल बुडते. पुढच्या वर्षी तोच कोयता दारात आला तर कुणी ओवाळत नाही. शिवाय गुरुजींचा आदर्श आहे दि. ब. देवधर. पुण्याच्या एसपी कॉलेजात संस्कृत शिकवणारे, १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्राला रणजी करंडक मिळवून देणारे, शंभरी ओलांडलेले देवधर. “शिस्त म्हणजे देवधर” हे गुरुजींचं आवडतं वाक्य. ठीक. मग देवधरांच्याच गोष्टीत जाऊ.

१९२० साल. मुंबईचे चौरंगी सामने, म्हणजे हिंदू, मुसलमान, पारशी आणि युरोपियन अशा संघांचे. हिंदू संघाचा आधार एक घर होतं, पळवणकरांचं. थोरले बाळू. अस्पृश्य मानलेल्या चर्मकार समाजातले. पुण्यात पारशांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टीची झाडलोट करणारा हा पोरगा पुढं पूना क्लबात गोऱ्यांना तासन्‌तास गोलंदाजी करायला लागला. ग्रेग नावाचा साहेब आपल्याला बाद केल्याबद्दल त्याला दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. हिंदूंच्या क्लबानं बाळूंना संघात घेतलं ते साहेबांना हरवायचं होतं म्हणून. मैदानात त्यांनी टाकलेला चेंडू सगळे हातात घेत. चहाची वेळ झाली की बाळूंना मातीच्या वेगळ्या भांड्यात, तेही बाहेर. १९०६ ला हिंदूंनी युरोपियनांना हरवलं त्यात बाळू होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभरावर बळी घेतले. एवढं होऊनही कर्णधारपद कधी त्यांच्याकडं आलं नाही. दर वर्षी लोक विचारायचे, दर वर्षी निवड समिती दुसरीकडं बघायची.

१९२० ला बाळूंना संघातूनच वगळलं. वय झालं होतं म्हणावं, तर पंचेचाळिशीच्या घरात होते, हेही खरं. पण धाकटे विठ्ठल आणि शिवराम भरात होते. कर्णधार म. द. पै आजारी पडले. नेतृत्व विठ्ठलांकडं येईल असं वाटत होतं. ते आलं देवधरांकडं, जे वयानं आणि अनुभवानं त्यांच्या मागचे. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघ सोडला, स्पर्धा चालू असताना. गुपचूप नाही, जाहीर पत्रक काढून. आम्हाला डावललं ते जातीमुळं, असं त्यांनी उघड लिहिलं.

गुरुजी, इथं थांबून सांगा. हे दोघे मेले का?

देवधरांचा यात वैयक्तिक दोष काढायचं कारण नाही. नेमणूक समितीची होती. पण ‘शिस्त म्हणजे देवधर’ म्हणताना त्या शिस्तीला मैदानाबाहेरून कुणी आणि का आव्हान दिलं, हे माहीत असलेलं बरं. हर्शमन नावाच्या अर्थशास्त्रज्ञानं १९७० साली एक छोटं पुस्तक लिहिलं. संस्था बिघडली की माणसापुढं दोन वाटा, एक निघून जाण्याची आणि दुसरी बोलण्याची; निष्ठा असली की माणूस निघून न जाता बोलत राहतो, असं त्याचं सूत्र. विद्यापीठांत ते अजून शिकवतात. पळवणकर बंधूंनी ते पन्नास वर्षं आधीच चुकीचं ठरवलं होतं असं मला वाटतं. त्यांचं निघून जाणं हेच त्यांचं बोलणं होतं. वर्षानुवर्षं आत राहून बोलल्यावर समितीला ऐकू आलं नव्हतं. जागा रिकामी दिसली तेव्हा आलं.

अंतिम सामन्याला दोघे परत आले. बाळूंना बोलावून उपकर्णधार केलं. बरे होऊन परतलेले पै सामन्यात काही वेळ मुद्दाम मैदानाबाहेर गेले, आणि तेवढ्या वेळापुरते बाळू हिंदू संघाचे कर्णधार झाले. या प्रसंगाबद्दल मला नेहमी दोन गोष्टी वाटतात. एक, पैंचं ते बाहेर जाणं फार सुंदर होतं. दोन, ते फार कंजूष होतं. तीन वर्षांनी, १९२३ ला, विठ्ठल पूर्ण कर्णधार झाले आणि संघानं चौरंगी जिंकली. पुढं विठ्ठलांनी मराठीत आत्मचरित्र लिहिलं, ‘माझे क्रीडा-जीवन’. गुरुजींच्या कपाटात देवधरांचा फोटो आहे, हे पुस्तक नाही. मी पाहिलंय.

तर माझा निष्कर्ष तयार होता. सोडून का गेला ते बघा. अन्यायामुळं गेला तर माफी संघानं मागायची. बुटांसाठी गेला तर त्याला दोन शब्द सुनवा आणि आत घ्या, कारण संजीवनी. गैरसमजानं गेला तर हसा आणि आत घ्या. गैरसमजाचंही उदाहरण हाताशी होतं: १९९६ साली नवज्योत सिद्धू इंग्लंडचा दौरा टाकून घरी आला. जयवंत लेले हे क्रिकेट मंडळाचे सचिव होते. त्यांनी आठवणींत लिहिलं आहे की कर्णधार अझरुद्दीनच्या तोंडचा जो शब्द सिद्धूला शिवी वाटला, तो हैदराबादी बोलीत लाडानं वापरतात. आमच्याकडं कुणाला ‘मुडद्या’ म्हणून हाक मारली आणि तो रुसून घरी गेला तर गावात एक संघ उभा राहणार नाही! सिद्धू परत आला, आणि १९९७ ला पोर्ट ऑफ स्पेनला त्यानं २०१ काढल्या. झालं की नाही सगळं छान?

लेख इथंच संपणार होता. पण सिद्धू गेल्यावर त्याच्या जागी कोण आलं, हे वाक्य पुरं करायला गेलो आणि अडखळलो. मांजरेकर जखमी, सिद्धू घरी, म्हणून लॉर्ड्सवर दोन नवी पोरं उतरली. सौरव गांगुली, १३१. राहुल द्रविड, ९५. सिद्धू परतला तेव्हा ती दोघं संघात होती, कारण त्यांना हलवण्याची कुणाची हिंमत नव्हती. सुरेश रैना २०२० ला चेन्नईचा संघ दुबईत सोडून घरी आला, तेव्हा त्याच हंगामात आपल्या पुण्याच्या ऋतुराज गायकवाडनं शेवटच्या तीन सामन्यांत तीन अर्धशतकं ठोकली. पुढच्या वर्षी रैना परतला, ऋतुराजनं ६३५ धावा केल्या, आणि हंगाम संपताना रैनाच अकरांच्या बाहेर होता. त्या पोरांनी जागा राखली ती पहिल्या संधीत डोंगर उभा केला म्हणून. ज्यानं पहिल्या संधीत २२ धावा केल्या असत्या, त्याचं काय?

आमच्या संघात असा एक होता. मी त्याला विसरलो होतो. गुरुजीही विसरले होते. सगळं गाव सोडून गेलेल्यावर भांडत होतं.

चढाईपटू पलीकडं गेल्यावर त्याच्या जागी जो उतरला, तो तीन वर्षं मैदानाच्या कडेला पाण्याच्या बाटल्या घेऊन बसलेला होता. वडिलांबरोबर रात्री होडी घेऊन फुगवट्यात जातो, चिलापीची जाळी काढतो, पहाटे माल भिगवणला पोचवतो आणि संध्याकाळी सरावाला येतो. दीड महिना तो खेळला. बरा खेळला. एका सामन्यात चार गुण आणले, दुसऱ्यात एकही नाही. मग ‘आत ये’वाल्यांचा, म्हणजे माझा, विजय झाला, आणि त्याला कुणी काही न बोलता पुन्हा बाटल्यांकडं पाठवलं. पक्षात दुसरा कुणी आला की सतरंज्या उचलणाऱ्याला कुठं काय सांगावं लागतं?

माझी संजीवनी कुठं चुकली ते तेव्हा कळलं. कबड्डीत गडी मेला तर त्याची जागा रिकामी राहते. सातांचे सहा होतात, पाच होतात. तो उठला की आपल्याच रिकाम्या जागेवर जातो, कुणाला उठवत नाही. हंगामाच्या मध्यात गेलेल्याची जागा तशी रिकामी राहत नाही. तिथं कुणीतरी उभं राहतं. म्हणजे माफ करणारा मी, माफी मिळवणारा तो, आणि किंमत भरणारा तिसराच. दुसऱ्याच्या खिशातून दिलेल्या माफीला मी चहाच्या कपावर उदारपणा म्हणत होतो. गुरुजी निदान निष्ठुर होते ते स्वतःच्या हिशेबानं.

आणि संजीवनीचा एक नियम मी सोयीनं गाळला होता. जो ज्या क्रमानं बाहेर गेला, तो त्या क्रमानं उठतो. आधी बाहेर बसलेला आधी आत. हा नियम लावला तर रांगेत पहिला कोण? तीन वर्षं बसलेला की संक्रांतीला आलेला?

यावर गाळपेरीची आठवण होणं आमच्याकडं साहजिक आहे. उन्हाळ्याकडं उजनीचं पाणी मागं सरतं, काळीभोर गाळाची जमीन उघडी पडते, आणि काठावरचा माणूस त्यात पेरतो. ११७ टीएमसीचं धरण, त्यातला निम्म्याहून जास्त साठा मृत. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ते उणे साठ टक्क्यांच्या घरात गेलं होतं. पळसदेवचं बुडालेलं देऊळ उघडं पडतं, जुन्या गावठाणांच्या भिंती दिसतात. पाणी परत आलं की गाळपेर करणारा तक्रार करत नाही. ज्यांची गावं १९८० च्या आधी याच पाण्यानं उठवली, त्यांच्या नातवंडांनी पाण्याकडं तक्रार करायची तरी कशी! पाणी येणार हे त्याला पेरतानाच ठाऊक असतं. तेवढ्या महिन्यांत निघेल असंच पीक तो घेतो.

मार्चमध्ये एकदा तो पोरगा काठावर जाळं वाळत घालताना दिसला. मी उगाच होडीशी थांबलो. इकडचं तिकडचं झाल्यावर विचारलं, “राग आला का रं?”

“कशाचा, तात्या?”

“बसवलं त्याचा.”

त्यानं जाळ्यात अडकलेली काटकी काढून फेकली. “बसवायचं ते बसवा,” म्हणाला. “पर दीड महिन्याचंच हाय म्हणून आधी सांगायचं हुतं. म्या कामावरचा खाडा केला ना रोज.”

गुरुजी, हे तुम्हाला सांगायला मी दोनदा तुमच्या दारापर्यंत आलो होतो. दोन्ही वेळा तुम्ही सभेला गेला होतात.