घाबरायचं काय त्यात?

मी शांत स्वभावाचा माणूस आहे, असं मी गेली चाळीस वर्षं लोकांना सांगत आलो आहे. सांगता सांगता ते मलाही पटलं. कचेरीत ऑडिट लागलं की इतरांचे चेहरे उतरत. अस्मादिक चहा मागवत. निवृत्त झाल्यावर तर रोज सकाळी गीतेतली स्थितप्रज्ञाची लक्षणं म्हणायचा परिपाठ ठेवला. कासव जसं आपले अवयव आत ओढून घेतं तशी ज्ञानी माणूस इंद्रियं आवरतो, हा दृष्टान्त माझा विशेष लाडका. आणि समोर कोणी घाबरलेलं दिसलं, की माझं एक ठरलेलं वाक्य असे : "घाबरायचं काय त्यात?"

हे वाक्य कोरड्या जमिनीवर उभं राहूनच म्हणता येतं, हे मला मालवणच्या समुद्रात कळलं.

त्याचं असं झालं, की सुटीत आम्ही सगळे मालवणला गेलो होतो. सोलकढी, बांगडा, सिंधुदुर्ग किल्ला एवढ्यावर भागलं असतं. पण नातवाने स्कूबा डायव्हिंगची पाटी वाचली आणि भर बाजारात विचारलं, "आजोबा, तुम्ही घाबरता?" आता यावर स्थितप्रज्ञाने काय उत्तर द्यावं, तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंगाला चिकटलेल्या रबरी पोशाखात, भरल्या वांग्यासारखा मी होडीत बसलो होतो. शिकवणारा पोरगा विशी-बाविशीचा. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. श्वास फक्त तोंडाने घ्यायचा. बोटांचा गोल म्हणजे 'ठीक आहे'. अंगठा वर म्हणजे 'झकास' नव्हे, 'वर चला'. आणि काही झालं तरी श्वास रोखून धरायचा नाही. पाण्यात दर दहा मीटरला एका वातावरणाएवढा दाब वाढतो. दहा मीटरवर छातीत भरलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते. ती कोंडून ठेवून कोणी धडपडत वर आलं, तर फुप्फुस फाटू शकतं. म्हणजे पळून जाणं, हा जो माझ्या वर्गाचा परंपरागत उपाय, तोच इथे सर्वांत धोक्याचा!

"काकांनू, घाबरू नकात. काय होवचा नाय," तो म्हणाला. मी मंद हसलो. मला सांगतोय!

पाण्याखाली गेलो. पहिलं अर्धं मिनिट उत्तम गेलं. मग डोळ्यांवरच्या काचेत चमचाभर पाणी शिरलं. चमचाभर! अंघोळीला याच्या शंभरपट नाकातोंडात जातं. पण त्या क्षणी माझ्या डोक्यात एवढंच उरलं, की हवा संपली. मी भराभर श्वास घ्यायला लागलो, आणि जितका घेई तितका कमी पडे. त्यामागचं शास्त्र नंतर समजलं. घाईचे, वरवरचे श्वास घेतले की आतला कर्बवायू पुरता बाहेर पडत नाही. तो साठला की माणसाला गुदमरल्यासारखं वाटतं. पाठीवर सिलिंडर भरलेला आणि इकडे जीव कासावीस. बँकेत ठेवी असूनही महिनाअखेरीला छातीत धडधडतं, तसाच काहीसा प्रकार.

अवयव आत ओढायचे राहिले बाजूला; मला असतील नसतील तेवढे हात-पाय मी चारी दिशांना फेकले. आणि मग जे केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी त्या पोराच्या तोंडातली नळी हिसकावली. माझी माझ्या तोंडात शाबूत होती, तरीही! नातवाच्या वयाहून थोड्याच मोठ्या पोराचा श्वास मी ओढून घेतला.

तो रागावला नाही. छातीशी लटकणारी एक पिवळी नळी त्याने शांतपणे उचलून तोंडात घातली, दुसऱ्या हाताने माझं मनगट धरलं, आणि स्वतः सावकाश श्वास सोडून दाखवला. बुडबुड्यांची माळ वर गेली. त्याने माझ्या छातीकडे बोट केलं. मी सोडला. पुन्हा सोडला. आश्चर्य असं, की सोडल्यावर आपोआप आत आला. काचेपलीकडे पट्ट्यापट्ट्यांचे मासे होते. ते मघापासून तिथेच असावेत. मला इतका आनंद झाला, की मी उत्साहाने अंगठा वर केला. त्याने इमानेइतबारे मला वर नेलं.

होडीत मी त्याची माफी मागितली. तो हसला. "घाबरल्यार माणूस मिळात ता ओढता, काकांनू. म्हणान तर दुसरी नळी ठेवतंव. पिवळी, घाबरलेल्याक दिसाक व्हयी म्हणान."

त्या वाक्याने मी जो गप्प झालो, तो संध्याकाळपर्यंत. स्वतः न घाबरणं म्हणजे धैर्य, असं मी आजवर धरून चाललो होतो. पण दुसरा घाबरणारच, हे धरून त्याच्यासाठी जास्तीची नळी अंगावर वागवणं, याला काय म्हणायचं? माझ्या शांतपणात ही नळी कधी नव्हती. बारा वर्षांपूर्वी हिला पित्ताशयाच्या ऑपरेशनला आत नेताना हिने माझं मनगट घट्ट धरलं होतं. "घाबरायचं काय त्यात? लहान आहेस का?" असं म्हणून मी ते सोडवून घेतलं आणि पैसे भरायला गेलो. पैसे भरायला दुपारपर्यंत वेळ होता.

रात्री नातवाने मोबाइलवर वाचून ज्ञान दिलं, की समुद्री कासवाला अवयव आत ओढताच येत नाहीत. शिवाय श्वासासाठी त्याला सारखं वर यावं लागतं. म्हणजे माझा दृष्टान्त जमिनीवरचा होता. बरं वाटलं.

नंतर ओटीवर बसलो असताना मी हिला ऑपरेशनची आठवण काढून म्हटलं, "त्या दिवशी तू फार घाबरली होतीस, नाही?"

ही थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आज पाण्यात तुमचं काय झालं?"

मी सगळं सांगितलं. नळी हिसकावल्याचंसुद्धा. हिने माझं मनगट धरलं. या खेपेला मी ते सोडवून घेतलं नाही.