दुसऱ्या डावाचें पुण्य

ज्या कर्माचा परिणाम पुसून टाकून तेंच कर्म पुन्हां करण्याची मोकळीक असते, त्या कर्माला नैतिक मूल्य असतें काय? हा प्रश्न वरवर पाहतां पोकळ वाटेल. कारण मनुष्याच्या आयुष्यांत अशी मोकळीक कोणालाच मिळत नाहीं. परंतु आपल्या घरांतील मुलें ज्या खेळांत रंगून जातात त्यांत ती मिळते. आणि त्यांपैकीं निदान एका खेळानें हा प्रश्न इतक्या स्पष्टपणें मांडला आहे कीं, वडील माणसांनीं त्याकडे केवळ पोरखेळ म्हणून पाहणें योग्य होणार नाहीं.

हा खेळ म्हणजे बांदाई नाम्को या जपानी कंपनीनें २०२२ सालच्या जुलै महिन्यांत प्रसिद्ध केलेला ‘डिजिमॉन सर्व्हाइव्ह’. याला खेळ म्हणण्यापेक्षां चित्रमय कादंबरी म्हणणें अधिक शोभेल. सहलीला गेलेलीं कांहीं शाळकरी मुलें एका परक्या, भयाण जगांत जाऊन पडतात. तेथें प्रत्येकाला एकेक विचित्र प्राणी सोबती म्हणून लाभतो. अधूनमधून बुद्धिबळासारख्या चौकटींच्या पटावर लढाया होतात. पण बहुतेक वेळ वाचण्यांत, बोलण्यांत आणि कोणाला काय उत्तर द्यावें हें ठरविण्यांत जातो. नायकाचीं उत्तरें तीन प्रवृत्तींचीं असतात : नीतीचीं, सलोख्याचीं व क्रोधाचीं. ज्या प्रवृत्तीकडे त्याचा कल जाईल, तिला अनुसरून त्याच्या सोबत्याचें रूप पालटतें.

सोबती हा धन्याच्या मनाचा आरसा होय, ही कल्पना शूजी नांवाच्या मुलाच्या कथेंत फार कठोरपणें उतरली आहे. बापाच्या अपेक्षांनीं दडपलेला हा मुलगा लोपमॉन या आपल्या गरीब सोबत्याला दुबळा म्हणून हिणवतो, छळतो, आणि बळजबरीनें बलवान करूं पाहतो. शेवटीं तो प्राणी खरोखरच बलवान होतो. पण तें बळ राक्षसाचें असतें, आणि त्याला बळी पडतो तो शूजीच. पहिल्या डावांत खेळणारा कितीही शहाणपणानें वागला तरी हा मृत्यु टळत नाहीं. डाव एकदां पुरा झाला कीं मात्र नवी वाट उघडते, आणि त्या वाटेनें गेल्यास शूजी वांचतो.

येथेंच शंकेला जागा आहे. दुसऱ्या डावांत खेळणाऱ्याला माहीत असतें कीं, अमुक वागलें म्हणजे शूजी वांचेल. मग त्याचा गोड शब्द ही करुणा म्हणावी कीं हिशेब? महाभारताच्या महाप्रस्थानिक पर्वांत युधिष्ठिर आपल्यामागून आलेल्या कुत्र्यावांचून स्वर्गांत जाण्याचें नाकारतो. तो कुत्रा साक्षात् धर्म आहे हें त्याला ठाऊक नव्हतें, यांतच त्या नकाराची सगळी थोरवी आहे. ठाऊक असतें, तर तोच नकार निव्वळ चतुराई ठरला असता.

तथापि एवढ्यावरून निकाल देणें घाईचें होईल. पहिल्या डावांत शूजीचा मृत्यु दैवानें ठरविलेला भासतो. दुसऱ्या डावांत कळतें कीं त्यांत दैवाचा हात नव्हता. वेळेवर न मिळालेल्या आधाराची ती करणी होती. हें ज्ञान खोटें नाहीं. पश्चात्तापानें पोळलेल्या मनुष्याच्या मनांतही हाच दुसरा डाव रात्रंदिवस चालू असतो. भेद इतकाच कीं, पश्चात्तापाला गेलेलें माणूस परत आणतां येत नाहीं. धोका आहे तो या भेदाचा विसर पडण्यांत. जो शब्द आज बोलावयाचा तो मागाहूनही बोलतां येईल, अशी मनाला संवय लागण्यांत.

खेळांतील त्या प्राण्यांना पूर्वीचे लोक पशुदेव मानून पूजीत असत, असें कथेंत सांगितलें आहे. अशा देवांसाठीं आपल्याला जपानांत जावयास नको. वसई तालुक्यांतील वालीव हें गांव आज कारखान्यांच्या गाळ्यांनीं भरून गेलें आहे. पण त्याच्या पूर्वेस तुंगारेश्वराचें रान आहे, आणि त्या रानांत बिबळ्याचा वास आहे. पालघर जिल्ह्यांतील वारली लोक वाघोबाला पूजितात, आणि वाघबारशीला त्याला नैवेद्य अर्पण करितात. मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या जिल्ह्यांतील अशा दीडशें वाघोबांची नोंद २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत आहे. या पूजेनें वाघ माणसाळत नाहीं, आणि भक्ताच्या नांवावर गुणही जमा होत नाहींत. ज्याच्या शेजारीं राहावयाचें त्याच्याशीं नातें दर वर्षीं नव्यानें जोडावें लागतें, एवढाच तिचा अर्थ. पुनरावृत्ति येथेंही आहे. परंतु ती मागचें पुसण्यासाठीं नसून पुढचें सांभाळण्यासाठीं आहे. २०२४ सालीं वसईच्या किल्ल्याच्या परिसरांत बिबळ्या शिरला आणि सुमारें महिनाभरानें पिंजऱ्यांत सांपडला. त्या दिवसांत तेथून अंधारांत घरीं परतणाऱ्याला दुसऱ्या डावाचा भरंवसा नव्हता.

तेव्हां पुनरावृत्तीचे हे दोन प्रकार निराळे ओळखले पाहिजेत. पहिल्या प्रकारानें शूजी पटावर वांचतो. त्यांत पुण्य नाहीं, पण शिक्षण असूं शकतें. तें शिक्षण पुण्याला पोंचतें तें पट मिटल्यावर, जेव्हां मूल आपल्या वर्गांतल्या दुबळ्या सोबत्याला हिणवावयाचें थांबतें. कारण त्याचा शेवट कसा होईल हें तेथें कोणीच आधीं सांगितलेलें नसतें.

आणि हा धडा एकट्या मुलांचा नव्हे. शूजीनें लोपमॉनला जें दिलें, तें त्याला त्याच्या घरीं मिळालेलें होतें. परीक्षेच्या गुणांवर मूल तोलणारीं घरें आपल्या मध्यमवर्गांत थोडीं नाहींत. त्या घरांतील वडिलांनीं हा खेळ मुलाच्या हातून काढून घेण्यापूर्वीं एकदां त्याच्याजवळ बसून तो पाहावा. मुलाला दुसरा डाव मिळेल. बापाला मिळणार नाहीं.