वाऱ्याचा कौल

बँकेत खातेदार शिल्लक विचारतो, तेव्हा त्याला शिल्लक नको असते. मनातला आकडा हवा असतो. तो निघाला नाही की स्वारी शेजारच्या खिडकीवर. तिथेही तेच कळलं की थेट साहेबांकडे. पैसे वाढत नाहीत, पण आशा तीन खिडक्या टिकते. वाऱ्याचा अंदाज बघणाऱ्यांत मला हाच खातेदार दिसतो. फरक इतकाच, की आमच्या तिन्ही खिडक्या एकच आकडा सांगतात (निदान सांगायला हव्यात), आणि वाऱ्याच्या तिन्ही खिडक्या वेगवेगळा. म्हणजे चंगळच!

माझ्या भाच्याला विंडसर्फिंगचं वेड आहे. पाण्यात फळी टाकायची, तिच्यावर उभं राहून शीड धरायचं आणि पुढचं वाऱ्यावर सोपवायचं. कधी भोरचं भाटघर, कधी वेल्ह्यातलं पानशेत, जिथे परवानगी मिळेल तिथे. (2024 साली सरकारने वेल्हे तालुक्याचं नाव राजगड करायचं ठरवलं, वाऱ्याला मात्र कोणी कळवलेलं दिसत नाही.) रविवारी जायचं, तर गुरुवारपासून फोनवर वारा वाहू लागतो.

ही विद्या लोकप्रिय केली झेक लोकांनी. 'विंडगुरू' तिकडचं, 2014 साली निघालेलं 'विंडी'ही तिकडचंच. त्या देशाला समुद्र नाही! ज्याच्याकडे नाही तोच जास्त चौकशी करतो, हे आमच्या कर्जखात्यात रोज दिसतं. आत गणितं निरनिराळी. अमेरिकेचं गणित पृथ्वीचे सुमारे 13 किलोमीटरचे चौकोन पाडतं, युरोपचं 9 चे, आणि आपल्या पुण्यात पाषाणला तयार झालेलं, मे 2025 पासून चालू असलेलं, 6 चे. आता 13 किलोमीटरच्या चौकोनात 1,403 मीटरचा तोरणा आणि त्याच्या पायथ्याचं खोरं शेजारी शेजारी बसतात. गणित दोघांची सरासरी काढतं; तोरण्याचं टेकाड होतं आणि खोरं भरून निघतं. मग खिंडीतून घुसणारा वारा दिसणार कुठून?

एका मे महिन्यात तीन गणितांनी तीन वारे सांगितले. 6 नॉट, 11 नॉट, 17 नॉट. भाच्याला हवे होते 11.

"मामा, 11 पक्का!"

"तोच का रे?"

"मागच्या रविवारी याचंच खरं ठरलं."

मागच्या रविवारी तो कोणाच्या भरवशावर गेला होता हे मी विचारलं. तेव्हा दुसऱ्याच्या!

कोकणात देवाला कौल लावतात. उजवी पाकळी पडेना तर काहीजण पुन्हा लावतात, पडेपर्यंत. पण निदान देवाला आणि गुरवाला ठाऊक असतं, की हा तिसऱ्यांदा विचारतोय. इथे साक्षीदार कोणी नाही. आणि पाण्यात काही झालं की आपण म्हणणार, "अंदाज चुकला." अहो, अंदाजाने 'जा' म्हटलं होतं कुठे? त्याने आकडा सांगितला. तीन आकड्यांतून सोयीचा उचलला आपण, मग निर्णय कोणाचा? वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा रेटा चौपट होतो. तो रेटा कोणता अंदाज निवडला होता ते विचारून येत नाही.

1805 च्या सुमारास ब्रिटिश आरमारातल्या ब्यूफर्टने वाऱ्याची मोजपट्टी केली, तीत वेगाचा आकडाच नव्हता. जहाजाला किती शिडं पेलतील, त्यावरून वारा मोजायचा. म्हणजे वारा मोजणारा आणि शीड उतरवणारा, दोघं एकाच गलबतावर.

गावच्या म्हाताऱ्यांना सगळं कळतं, असलं काही मी म्हणणार नाही. पानशेतला एक वयस्क नाववाले आहेत, ते स्वतःच म्हणतात, "परवाचं मला काय ठावं? फोनला इचारा." खरंच आहे. तीन दिवस आधी ढोबळ वारा कळतो तो गणितानेच. पण मे महिन्यातला वळीव कोणत्या खोऱ्यात किती वाजता उतरेल, हे गणिताला नेमकं सांगता येत नाही, आणि त्याच्या पुढे धावणारा वारा घटकाभरात पाणी उलटंपालटं करतो.

त्या रविवारी दुपारी पश्चिमेला काळं धरलं होतं. बाबा म्हणाले, "दादा, वरच्या अंगाला अंधारलंय. आता नगा जाऊ."

भाच्याने फोन पुढे केला. 11 नॉट. बाबांनी तो अदबीने पाहिला, परत दिला, आणि नावेतलं पाणी उपसायला लागले.

"तुम्ही कुठे निघालात?"

"कुठं न्हाई. तुम्ही जावा. तुम्हास्नी आणायला कोन तरी पायजे न्हवं?"

त्यांचा डबा फडक्यात तसाच बांधलेला होता. भाचा गुडघाभर पाण्यात थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने शीड खाली ठेवलं, हात पुसले आणि चौथा अंदाज उघडला.