पोटखराबा

चपला काढून ठेवा. बांध ओला आहे, गवत जरा टोचेल, तरी बसा. मढच्या आसपासचं कुठलंही खाचर चालेल. फक्त रासायनिक खताची गोणी त्यात वर्षानुवर्षं रिकामी झालेली नसावी. भादवा सरत आलाय, भात पोटरीत आहे. उत्तरेला हरिश्चंद्रगडाची रांग ढगात बुडालीय, खाली पिंपळगाव जोगे धरणाचं पाणी पसरलंय.

डोळे मिटू नका. मनन म्हटलं की आपण आधी डोळे मिटतो; शेतात ते तोट्याचं.

एकच ताट निवडा. कणीस अजून पानाच्या आवरणात आहे, ताट तेवढ्यापुरतं फुगलंय. बोटं लावायचा मोह होईल. राहू द्या.

आता जिथं बसलात तो बांध पाहा. बांध म्हटलं की आपल्याला भाऊबंदकी आठवते, कोर्टाच्या तारखा आठवतात. इथं त्यावर तूर आहे, उडीद आहे, कुणीतरी टोचलेली काकडी आहे. तुरीच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू हवेतला नत्र धरून ठेवताहेत. गवताच्या बुडाशी गांडुळांनी टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसतील. डार्विननं १८८१ साली गांडुळांवर अख्खं पुस्तक लिहिलं. इंग्लंडातल्या पुष्कळ ठिकाणी गांडुळं वर्षाला एकरी दहा टनांहून जास्त माती वर आणतात, असा त्याचा हिशेब होता. इथला हिशेब मला ठाऊक नाही. एक गोळी चिमटीत घ्या, चुरा, वास घ्या.

श्वास सावकाश होऊ द्या, मग नजर वर न्या. खाचरं संपतात तिथं खडक, करवंदीची जाळी, दोन हिरडे, एक ऐन. सातबाऱ्यावर अशा तुकड्याचं नाव पोटखराबा. लागवडीला नालायक, म्हणून त्याला आकार, म्हणजे सारा, नाही. मला हा शब्द फार दिवस खुपतो. पावसाचं पाणी थोपवून हळूहळू खाली सोडतो तो हा खराबा. पालापाचोळा त्याचा, मधमाश्या त्याच्या, खोडकिड्याचे पतंग टिपणारे कोळीही तिथून येतात. उन्हाळ्यात बाळहिरडा विकून घरात चार पैसे येतात, तेही त्याच्याच जिवावर.

पण सगळं गोडच मानू नका. रानडुकरंही त्याच जाळीतून उतरतात, आणि पीक पिकेपर्यंत कुणाला तरी माळ्यावर रात्री जागाव्या लागतात. निसर्गाशी जुळवून घेणं म्हणतात त्यात हे जागरणही धरलेलं असतं.

रांगेपलीकडे, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याला राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणं जपलं. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. असं बी राखेत, मडक्यात ठेवतात; पेरणीपर्यंत ते नुसतं पडून असतं. आकार नसलेलं. तुमच्या घरात, तुमच्या दिवसात असं काय पडून आहे? उत्तर आत्ताच नको. प्रश्न तुरीशेजारी ठेवा आणि थोडा वेळ नुसते बसा. बेडूक थांबतील, पुन्हा सुरू होतील.

उठताना हात जपून टेका. बांधात खेकड्याचं बीळ आहे, त्यातून वरच्या खाचराचं पाणी खालच्यात ठिबकतंय. ते बुजवायचं की राहू द्यायचं, हे मालक उद्या येऊन ठरवेल.