हिरोशिमा : इमारती आणि माणसे

६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर टाकलेला अणुबॉम्ब जमिनीवर आदळण्याआधीच, सुमारे ६०० मीटर उंचीवर फुटला. यामागे थंड डोक्याने केलेला हिशेब होता : हवेत फुटलेल्या बॉम्बची दाबलाट जास्त दूरवर घरे पाडते. स्फोटाची ताकद सुमारे १५ हजार टन टीएनटीइतकी होती. अशा स्फोटातली साधारण निम्मी ऊर्जा दाबलाटेत जाते, एक तृतीयांश उष्णतेत आणि उरलेली किरणोत्सारात.

आधी पोचते ती उष्णता. स्फोटाच्या बरोबर खाली जमिनीचे तापमान तीन ते चार हजार अंश सेल्सिअसवर गेले. कौलांवर बुडबुडे आले. सुमितोमो बँकेच्या दगडी पायऱ्यांवर कुणीतरी बसले होते. आजूबाजूचा दगड पांढरट पडला, त्या माणसाच्या आड आलेला भाग तेवढा गडद राहिला. गडद रंग उष्णता अधिक शोषतो, म्हणून काहींच्या किमोनोची नक्षी अंगावर भाजून उमटली.

पाठोपाठ दाबलाट आली. दोन किलोमीटरच्या परिसरातली बहुतेक लाकडी घरे कोसळली, चुलींमधला विस्तव त्यांत मिसळला आणि ठिकठिकाणच्या आगींचे मिळून एक वादळ झाले. ढिगाऱ्याखाली जिवंत अडकलेली माणसे तिथेच जळाली. भूकंपाचा विचार करून बांधलेल्या काही काँक्रीटच्या इमारती मात्र उभ्या राहिल्या. आज ‘अणुबॉम्ब घुमट’ म्हणून ओळखली जाणारी, चेक वास्तुविशारद यान लेत्झेल याची १९१५ची इमारत स्फोटाच्या बरोबर खालच्या जागेपासून जेमतेम १६० मीटरवर होती. लाट जवळपास थेट डोक्यावरून आल्यामुळे तिच्या काही भिंती वाचल्या. आत असलेले सगळे मेले. इमारत टिकली म्हणजे माणूस वाचला, असे म्हणूच नये.

किरणोत्साराला तर भिंत पाडावीही लागत नाही. अंगावर ओरखडाही नसलेल्या लोकांचे दोन-तीन आठवड्यांनी केस गळू लागले, हिरड्यांतून रक्त येऊ लागले, कातडीवर जांभळे डाग उठले. वर्षअखेरीपर्यंत मृतांची संख्या सुमारे १,४०,००० झाली. पुढच्या काही वर्षांत रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण वाढले, त्यांत मुलांचे प्रमाण मोठे होते.

स्फोटानंतरच्या दिवसांत जखमींवर उपचार करायचे कुणी? शहरातले बहुतेक डॉक्टर आणि परिचारिका स्वतःच मृत किंवा जखमी होते. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसचे डॉ. मार्सेल ज्युनो औषधे घेऊन शहरात आले ते सप्टेंबरमध्ये, स्फोटाला महिना उलटल्यावर.