मौन आणि मठाचा द्वारपाल

गोंगाटामुळे प्रार्थनेत मन लागत नाही, ही आजच्या ख्रिस्ती माणसाची नेहमीची तक्रार. मोबाइल, बातम्या, घरात अखंड चालणारा टीव्ही यांतून सुटका झाली की मन आपोआप प्रभूकडे वळेल, असे ही तक्रार करताना गृहीत धरलेले असते. हे गृहीतक चौथ्या शतकातच तपासून झाले आहे. कॉन्स्टँटिनोपलसारख्या राजधानीत डीकन असलेला एव्हाग्रियस सगळे सोडून इजिप्तच्या वाळवंटात गेला आणि इ.स. ३९९ मध्ये तिथेच वारला. तिथे ना बाजार होता, ना दरबार. तरीही भर दुपारी एकांतातल्या संन्याशाचे काय होते, याचे त्याने केलेले वर्णन वाचून हसू येते. सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, नजर सारखी खिडकीकडे जाते. जेवणाची वेळ अजून किती लांब आहे ते पाहायला संन्यासी बाहेर येतो, कोणी बंधू इकडे फिरकतोय का म्हणून वाट न्याहाळतो आणि शेवटी ही जागा, हे काम, हे जगणेच त्याला नकोसे होते. हातात फोन नाही एवढाच काय तो फरक.

म्हणजे बाहेरची शांतता पुरेशी नाही. पण बाहेरचा आवाज हाच शत्रू, हेही खरे नाही. स्तोत्रसंहितेचा शेवट झांजांच्या दणदणाटात होतो. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली जे आध्यात्मिक संजीवन झाले, त्यात मुली मोठ्याने रडत होत्या, एकाच वेळी आपापली प्रार्थना उच्च स्वरात करत होत्या. त्याला कोणी शांत म्हणणार नाही. प्रश्न आवाज किती याचा नसून आपले लक्ष कोणाच्या ताब्यात आहे याचा आहे. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायात येशू पहाटे अंधारात उठून निर्जन जागी प्रार्थनेला जातो. शिष्य शोधत येतात आणि सगळे तुझी वाट पाहत आहेत असे सांगतात. तो त्या गर्दीकडे परतत नाही, एकांतातही बसून राहत नाही. शेजारच्या गावांकडे निघतो. कोणत्या हाकेला ओ द्यायची हे ठरवण्याची मोकळीक त्याला त्या पहाटेने दिली. आत्मिक आरोग्य मोजायचेच असेल तर या मोकळिकीवरून मोजावे, मन किती निवांत वाटले यावरून नव्हे.

अशी मोकळीक लहरीवर टिकत नाही, तिला नियम लागतो. सहाव्या शतकात बेनेडिक्टने इटलीतल्या मठांसाठी लिहिलेल्या नियमावलीत दिवस उपासनेच्या ठरलेल्या वेळांनी बांधला आहे. उपासनेचा इशारा कानावर पडला की हातातले काम टाकून निघायचे. मठातली घंटाही काम मोडतेच, फोनची घंटीही मोडते. मात्र मठातली वेळ आपणच स्वीकारलेल्या नियमाने आधी ठरवलेली असते; फोनची वेळ दुसराच कोणी, बहुधा स्वतःच्या फायद्यासाठी, ठरवतो.

यावर आक्षेप येतो की घड्याळ लावून केलेली प्रार्थना यांत्रिक होते. व्यर्थ बडबड करू नका असे खुद्द येशूनेच बजावले आहे. पण पुष्कळ बोलल्याने देव ऐकतो, या समजुतीवर तो इशारा होता, आणि त्याला लागूनच त्याने शिष्यांना ठरीव शब्दांची छोटी प्रार्थना शिकवली. भाव नसलेल्या दिवशी ठरीव शब्दच माणसाला धरून ठेवतात. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: दारात दुःखी उभा असताना मौन जपणे हा स्वार्थ नव्हे का? मौनाला दार नसेल, तर नक्कीच स्वार्थ आहे. म्हणूनच बेनेडिक्ट दारापाशी एक सुज्ञ, वयस्क संन्यासी बसवतो. कोणी दार ठोठावले, गरिबाने हाक मारली, की त्याने देवाचे आभार मानून तत्परतेने उत्तर द्यायचे. रात्रीच्या शेवटच्या उपासनेनंतर बोलायला कडक बंदी, पण पाहुण्यासाठी गरज पडली तर ती सुटते. कोणता आवाज आत घ्यायचा हे ज्याला कळते, असा माणूस दारावर असला की बाकीच्यांना निर्धास्त गप्प राहता येते. आपण मात्र हा द्वारपाल काढून टाकला आहे, आणि मग गरजूची हाक व जाहिरात एकाच रांगेत उभी राहतात.

हे सारे संन्याशांना ठीक, नोकरी-संसार करणाऱ्याने काय करावे, असे कोणी विचारेल. बेनेडिक्टला ही अडचण ठाऊक होती. लांब शेतावर असलेल्यांनी तिथेच, कामाच्या जागी, गुडघे टेकून प्रार्थना करावी आणि प्रवासातल्यांनीही जमेल तशी वेळ पाळावी, असे त्याने लिहून ठेवले आहे. वसईहून सकाळच्या लोकलने चर्चगेट गाठणाऱ्याला गुडघे न टेकण्याची सवलत त्याने बहुधा दिली असती. वेळ चुकवायची मात्र नाही.