भिंतीवर टांगलेली सायकल

आज दुकानात दिमाखात उभ्या असलेल्या माउंटन बाइक्सपैकी तीस वर्षांनी ‘क्लासिक’ कोणती ठरेल? सायकलवेड्यांचा हा आवडता खेळ आहे. कुणी रंगावर पैज लावतं, कुणी जिंकलेल्या शर्यतींवर, कुणी ‘मर्यादित आवृत्ती’च्या स्टिकरवर. पण या खेळाच्या पोटात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू चिखलात घालण्यासाठीच बनली, ती जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

उत्तरासाठी कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत जावं लागतं. सत्तरच्या दशकात तिथली काही पोरं १९३०-४०च्या काळातल्या, जाड टायरच्या श्विन सायकली शोधून आणायची. परसदारी गंजत पडलेला माल. त्याचे मडगार्ड आणि शोभेचे भाग काढून फेकायचे, आणि ती सायकल डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी फेअरफॅक्सजवळच्या एका कच्च्या रस्त्यावर त्यांनी पहिली शर्यत लावली. अंतर दोन मैलांच्या आसपास आणि उतार सुमारे १,३०० फुटांचा. मागच्या हबमधला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस जळून धूर निघायचा. मग हब उघडून नव्याने ग्रीस भरावं लागायचं. म्हणून रस्त्याचं नावच पडलं ‘रिपॅक’.

त्या जुन्या फ्रेम असा मार फार सोसू शकत नव्हत्या. १९७७ साली जो ब्रीझने खास या कामासाठी नवी फ्रेम बनवली. ती पहिली ‘ब्रीझर’ आज अमेरिकेच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात आहे. १९८१मध्ये ‘स्पेशलाइज्ड’ने स्टंपजंपर बाजारात आणली आणि मूठभर वेड्यांचा खेळ कारखान्यात पोचला.

आता उलट विचार करून बघा. १९७५ साली कुणी त्या पोरांना अडवून म्हणालं असतं, “अरे, या जुन्या सायकलींना हात लावू नका, उद्या यांना मोल येईल,” तर? त्या सायकली वाचल्या असत्या, पण माउंटन बाइक कदाचित जन्मलीच नसती. आज काचेआड असलेली ब्रीझर कालच्या जुन्या सायकलींची मोडतोड करूनच निर्माण झाली.

मग संग्रह करणं चूक आहे का? नाही. सगळ्या ब्रीझर झिजून भंगारात गेल्या असत्या तर नळ्या कशा जोडल्या होत्या, कोन काय होता, हे आज डोळ्यांनी पाहता आलं नसतं. काही नग जपायलाच हवेत. पण पुरावा जपणं वेगळं आणि भाव जपणं वेगळं. खोक्यातून न काढलेली सायकल महाग का होते? कारण बाकीच्यांनी आपापल्या सायकली दगडांवर आपटल्या, वाकवल्या, विकल्या, मोडीत काढल्या. दुर्मीळपणा त्यांनी पैदा केला, किंमत मात्र न चालवणाऱ्याला मिळाली. हा गुन्हा नव्हे, पण हे ऋण आहे. नामी नग कपाटात ठेवणाऱ्याने निदान ते ओळखावं.

भाकितच करायचं तर मी रंग आणि स्टिकर बाजूला ठेवेन. जिने पुढच्या सायकलींची वाट वळवली, ती क्लासिक. वाळू-बर्फावर चालणारे फुगीर टायर सर्वसामान्य गिऱ्हाइकापर्यंत नेणारी २००५ची सर्ली पग्सली या यादीत येते. पुढची बाजू लांब आणि स्टेम आखूड, या बांधणीचा आग्रह लवकर धरणारी मोंड्रेकर येते. मोटारवाली माउंटन बाइक मुख्य प्रवाहात आणणाऱ्यांपैकी एक, २०१५ची टर्बो लेवो, हीसुद्धा येते.

पण लेवोपाशी गाडी अडते. ‘मिलिंदप्रश्न’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन राजा मिलिंदाला विचारतो, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाक रथ नाही, आस रथ नाही, जूही नाही. या सगळ्यांच्या जुळणीला आपण रथ म्हणतो. साध्या सायकलीला हे चपखल लागू पडतं. चेन बदला, टायर बदला, ब्रेक बदला, जुळणी टिकते आणि सायकल तीच राहते. मोटारवाल्या सायकलीची जुळणी मात्र बॅटरी, सॉफ्टवेअर आणि कंपनीच्या मर्जीवर उभी आहे. तीस वर्षांनी तशी बॅटरीच मिळाली नाही, तर भिंतीवर उरेल फक्त रथाचं नाव. ब्रीझरला पाना आणि ग्रीस पुरतं.

हा प्रश्न फक्त विजेचाही नाही. २६ इंची चाक त्या श्विनपासून चालत आलं आणि पुढे तीन दशकांहून जास्त टिकलं. मग २०१०च्या दशकात काही वर्षांतच २७.५ आणि २९ इंची चाकांनी त्याला बाजूला सारलं. पाठोपाठ मागच्या हबची रुंदी १४२वरून १४८ मिलिमीटर झाली. या बदलांनी सायकली सुधारल्या, हे मान्य. पण ठणठणीत फ्रेमना नवा फोर्क, नवं चाक मिळेनासं झालं. त्या सायकली म्हाताऱ्या झाल्या नव्हत्या, त्यांना म्हातारं ठरवलं गेलं. म्हणजे उद्याचं क्लासिक काय असेल, हे आपल्या आवडीइतकंच आज सुटे भाग बनवणाऱ्यांच्या निर्णयावर ठरतंय. वस्तू विकणाऱ्याची जबाबदारी ती विकल्यावर संपते का, हा प्रश्न हातातला फोन वापरतानाही विचारायला हरकत नाही.

म्हणून माझी पैज साध्या सायकलीवर आहे. स्टीलची फ्रेम, आट्यांचा बॉटम ब्रॅकेट, सर्वत्र मिळणारे भाग. तिचा लिलावात कदाचित फार गाजावाजा होणार नाही. पण तीस वर्षांनीही ती चालवता येईल, आणि चालवता येणं हाच माउंटन बाइकचा मूळ अर्थ आहे.

तुमच्याकडे चांगली सायकल असेल तर ती चालवा, दुरुस्त करा, कुठला भाग कधी बदलला ते एका वहीत लिहून ठेवा. फ्रेमवरचे ओरखडे पुसू नका. संग्रहालयाला एखादा कोरा नग पुरतो. बाकीच्यांची जागा उतारावर आहे.